टोपण

जलालुद्दीन भंगारवाल्याची बैलगाडी अंगणाच्या तोंडाशी थांबली तेव्हा जनकाबाई हळदीच्या कढईखाली पऱ्हाट्या सारत होती. गाडी रिकामी होती, तळाशी फक्त काथ्याचे जाडजूड दोर पडलेले. दोर तिला दिसले. ते कशाला आलेत हे कुणी सांगायची गरज नव्हती.

"भावजींनी सांगावा धाडला व्हता का याला?" तिनं नवऱ्याला विचारलं.

जळबा कढईवरचं गोणपाट सारखं करत होता. गोणपाट मुळात सारखंच होतं. हा माणूस कामाला वाघ, मनानं लोणी, पण थोरल्या भावाचा विषय निघाला की याची जीभ टाळ्याला चिकटायची.

"दादा म्हणला, टोपण नुसतं गंजून राहिलं. देऊन टाकू."

"अन तुमी काय म्हणले?"

"मी काय म्हणणार?"

झालं. लग्न होऊन आल्यापासून तिनं हे उत्तर इतक्यांदा ऐकलं होतं की तो तोंड उघडायच्या आतच तिला ते ऐकू यायचं. तिनं हातातली पऱ्हाटी मोडली आणि आगीत फेकली. धुराचा लोट उलटा तिच्याच तोंडावर आला. पदरानं डोळे पुसत ती उठली आणि गोठ्यामागं गेली.

टोपण तिथं होतं. विहिरीसारखी गोल बांधलेली टाकी आणि तिच्यावर उपडं घातलेलं माणसाच्या छातीएवढं लोखंडी टोपण. वसमतच्या युसूफ मिस्त्रीनं जोडलेलं. जनावरांचं शेण पाण्यात कालवून टाकीत सोडायचं, ते आत सडायचं, त्याचा गॅस धरला की टोपण आपोआप वर यायचं आणि नळीनं गॅस थेट चुलीपाशी. दिवाळीत ते पहिल्यांदा वर आलं तेव्हा निम्मं कुरुंदा गाव बघायला लोटलं होतं. संक्रांत होईस्तोवर या घरात धूर म्हणून दिसला नाही. आणि आता शिमगा तोंडावर आला, तर टोपण टाकीत बूड टेकून बसलेलं, रुसून बसलेल्या सुनेसारखं.

नेमकं याच वर्षी. कारण याच वर्षी सगळ्या मुलखातलं रॉकेल गायब झालं होतं. रेशनच्या दुकानापुढं डबे रात्रीपासून रांगेत बसायचे आणि सकाळी तसेच रिकामे घरी यायचे. विहिरीवरचं इंजन डिझेलवाचून झोपलं होतं, जळबानं पुन्हा मोट जुंपली होती. रेडिओवर सांगत, अरब देशांनी तेल आखडून धरलंय, साऱ्या जगाची तीच गत आहे. जनकाबाईची सासू रुक्माबाई हे ऐकून म्हणाली होती, "त्यांचं अन यांचं भांडण, अन चिमणी माझी काहून इझली?"

टोपणाचं दुःख एवढंच असतं तर जनकाबाईनं गिळलं असतं. धुरात जन्म गेला, अजून गेला असता. पण या टोपणाला कमलची शाळा बांधलेली होती.

कमल तिची लेक. सातवी गावात झाली आणि आठवीला रोज एस.टी.नं वसमतला जायला लागली, या घरातली पहिलीच. तेव्हाच थोरले दीर नरसिंग यांनी विचारलं होतं, पोरगी शाळेत गेली तर सरपण कोण आणणार, गोवऱ्या कोण थापणार. रोजचा निम्मा दिवस त्यात जातो. जनकाबाईनं नवऱ्याच्या तोंडून गोबरगॅसचं काढलं. नरसिंग म्हणाले, बरं, चाललं तर पोरगी शाळेत, बंद पडलं तर पोरगी घरी. सगळ्यांसमोर ठरलं. आणि टोपण खाली बसलं तसं कमलचं दप्तर खुंटीला लागलं. आताही पोरगी कुणाच्या तरी कापसाच्या रानात पऱ्हाट्या उपटत होती. वार्षिक परीक्षा एप्रिलात होती.

"झालं का दर्शन?" मागून आवाज आला.

नरसिंग आले होते, सोबत जलालुद्दीन, खांद्यावर दोर. जनकाबाईनं पदर डोक्यावर ओढला आणि तोंड गोठ्याकडं केलं. थोरल्या दिराशी तोंडाला तोंड देऊन बोलायचं नाही, ही तिकडची रीत. बोलायचंच झालं तर नवऱ्याला मध्ये घालायचं, नाहीतर म्हशीला.

नरसिंगांचं सांगायचं तर, माणूस वाईट नव्हता. पूर्णेला रेल्वेत फायरमन, जन्मभर इंजनाच्या पोटात कोळसा घातलेला. या घराला पहिला पगार त्यांनी दाखवला, भिंतीला चुना त्यांच्यामुळं लागला, आणि दर वर्षी हळद शिजवायला रजा काढून बायकोसकट यायचे. कोळशावर त्यांचा असा जीव की दुसऱ्या कुठल्या आगीला ते आग म्हणायलाच तयार नव्हते.

"मी पैल्यापासून सांगून राहिलो," ते म्हणाले, "आग म्हणजे कोळसा. त्याला चारा लागत न्हाई, पाणी लागत न्हाई. अन दुसरी गोष्ट सांगू का? आपल्या बायांनी जन्मभर गावाच्या गोठ्यातलं शेण काढलं. बाबासाहेबांनी सांगितलं, गावकीची घाण सोडा. आपून सोडली. मी तर गाव सोडून इंजनावर चढलो. अन तुमी पुन्हा शेण आणून घराच्या मधोमध बसवलं."

हे ते आजवर बोलले नव्हते. टोपणावरचा राग खरा कुठला होता ते जनकाबाईला आत्ता कळलं. तिला त्यांचं थोडं वाईटही वाटलं, पण पोरीच्या दप्तरापेक्षा जास्त नाही.

"बाळे," ती म्हशीला म्हणाली, "त्यांना म्हणावं, लोकाचं शेण लोकाच्या धाकानं उचललं ते येगळं. हे आपलं शेण, आपली टाकी, अन आपली आग. अन बाबासाहेबांच्याच फोटोखाली बसून पोरीचं दप्तर खुंटीला लावलं, ते कुणी सांगितलं व्हतं म्हणावं."

म्हैस रवंथ करत राहिली. जळबा तेवढ्यात मागं येऊन उभा राहिला होता, त्यानं खाली बघितलं. जलालुद्दीननं दाढी खाजवली आणि दुसरीकडं बघितलं. नरसिंग लालेलाल झाले.

"जलालभाई, तुमी दोर लावा," ते म्हणाले, आणि कुणाची वाट न बघता स्वतःच टोपणाच्या वरच्या काठाला हात घालून हिसका दिला. काठ गंजून करवतीसारखा झाला होता. तळहात आडवा चिरला आणि रक्ताची धार लागली.

मग काय, एकच धावपळ. टोपण राहिलं बाजूला. नरसिंगांना अंगणात आणून बसवलं, त्यांची बायको शकुंतलाबाई घाबरीघुबरी होऊन पाणी घेऊन आली. रुक्माबाई चाचपडत बाहेर आली. म्हातारीचे डोळे चुलीनं खाल्ले होते, समोरचं माणूस तिला सावलीसारखं दिसायचं, पण हात अजून पक्के. तिनं मूठभर हळद लेकाच्या जखमेत दाबली.

"आई, आग होऊन राहिली."

"होऊ दे. हळद दाबली की जखम सडत न्हाई. गंजाचं लागलंय, हळद न्हाई लावली तर दोन दिसात हात सडंल."

जनकाबाई फडकं फाडत होती. तिचा हात थांबला.

सडत नाही. हळद लावली की सडत नाही. लोणच्यात घालतात ती त्यासाठीच. आणि टाकीतल्या शेणानं काय करायला पाहिजे? सडायला पाहिजे. युसूफ मिस्त्रीनं दहादा सांगितलं होतं, हे सडलं तरच गॅस.

तिनं अंगणाकडं बघितलं. तिथं कढई उकळत होती, आणि कढईच्या बाजूला शिजलेल्या हळदीचं पिवळंजर्द पाणी साठवायचा हौद होता. हळदीचा हंगाम आला तशी विहीर खोल गेली होती. शेण कालवायला तेवढंच पाणी लागतं, आणि ते शेंदता शेंदता हात भरून यायचे. तेव्हा कुणीतरी म्हणालं होतं, कढईचं पाणी ओतून काहून देता, तेच शेणात घाला. साऱ्या घरानं वाखाणलं होतं. पहिली कढई उतरली त्या दिवसापासून टाकीत पिवळं पाणी जात होतं. आणि टोपण खाली बसायला लागलं तेही तेव्हापासूनच.

ते म्हणणारं माणूस म्हणजे रुक्माबाई. या घरात जनकाबाईच्या बाजूनं कायम उभं राहिलेलं एकच माणूस. चार माणसांत, परक्या भंगारवाल्यासमोर सासूची चूक काढायची म्हणजे बसल्या फांदीवर घाव घालायचा. बोलावं तर सासू जाते, न बोलावं तर लेक जाते.

"आत्याबाई," ती हळूच म्हणाली, "हळदीनं जखम सडत न्हाई, तर शेण तरी कसं सडंल?"

म्हातारीचा हात लेकाच्या तळहातावर तसाच राहिला. अंगणात कढई तेवढी खदखदत होती.

"मायव," ती शेवटी म्हणाली. "पाण्याचं तर मीच बोलले व्हते."

"तुमी चांगल्यासाठीच बोलल्या."

"चांगल्यासाठी बोलले, अन टाकीला अवषीद पाजलं." म्हातारी हसायला लागली, डोळ्याला पदर लावून हसायला लागली. "नरसिंगा, ऐक. सुनेचं टोपण मेलं न्हाई. म्या त्याला हळद लावून बसवलंय."

जळबाच्या डोक्यात उजेड पडला तसा तो ताडकन उठला. "बराबर हाय, दादा. संक्रांतीपत्तूर इहिरीचं पाणी जात व्हतं, तवा गॅस व्हता."

थोरल्या भावापुढं तो आपणहून बोलला, हे त्याचं त्यालाही नंतर कळलं.

पण नरसिंग असे ऐकणारे नव्हते. "कशावरून? उद्या म्हणाल वाऱ्यानं बसलं. ठरलं ते ठरलं. पोरगी घरी अन टोपण गाडीवर."

इथं जनकाबाईनं पदर मागं सारला. म्हशीकडं नाही, नवऱ्याकडं नाही, सरळ दिराच्या तोंडाकडं बघून ती बोलली. कुरुंद्यात पुढं कित्येक दिवस बाया या गोष्टीचं बोलत होत्या.

"भावजी, बाबासाहेबांच्या जयंतीपत्तूर थांबा. पिवळा काला उपसून काढते. संक्रांतीच्या आधी टाकीतून निघालेली मळी खड्ड्यात हाय, ती इरजणासारखी टाकीत घालते, वरून ताजं शेण अन इहिरीचं पाणी. जयंतीला तुमी याल. टोपण वर नसंल तर मी सोता जलालभाईच्या गाडीवर चढवते. पण तवर कमल शाळेत जाईल."

"अन सरपण? तुज्या एकटीच्यानं पाणी शेंदणं, शेण, सैपाक, हळद, हे सगळं व्हणार हाय?"

जनकाबाईनं मनातल्या मनात कामं मोजली, ती एका दिवसात मावत नव्हती.

"मी राहते हितं," शकुंतलाबाई म्हणाली.

सगळ्यांच्या माना तिच्याकडं वळल्या. शकुंतलाबाई म्हणजे नवऱ्याच्या होला हो. आल्या दिवसापासून तीही टोपणाला नाकं मुरडत होती, शेणाच्या आगीवरची भाकर मला नको म्हणत होती.

"काय म्हणली?" नरसिंगांनी विचारलं.

"जयंतीपत्तूर हितं राहते. सरपण मी आणते. तुमी जा पूर्णेला, तुमाला कोळसा हाय की." ती खोकली. शेगडीच्या धुरानं तिचा खोकला कायमचाच झाला होता. "आपली लेक शेगडीपाशी बसवली तुमी, पाचवीतून काढून. ती आता दुसऱ्याच्या शेगडीपाशी बसली. मी तवा काही बोलले न्हाई. मला त्याचं लई वाईट वाटतं. या पोरीच्या बारीला मी गप बसणार न्हाई."

जनकाबाईला रडू आलं. आयुष्यभर जिच्याशी भांड्यावरून आणि भाकरीवरून उणंदुणं झालं, ती जाऊ आज पहाडासारखी शेजारी उभी राहिली होती. तिनं शकुंतलाबाईचा हात धरला, तो किती खरखरीत आहे हे तिला पहिल्यांदाच कळलं.

नरसिंगांनी सगळ्यांकडं आळीपाळीनं बघितलं. आई, भाऊ, बायको, तिघंही बघता बघता पलीकडच्या पारड्यात गेली होती.

"जलालभाई," ते म्हणाले, "जयंतीला या."

जलालुद्दीननं दोर गुंडाळले. "येतो की. जेवायला पन येतो," तो म्हणाला आणि बैल वळवले.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते त्या दोघी जावांनाच ठाऊक. पिवळा काला बादल्यांनी उपसला तेव्हा दोघींच्या अंगाला असा वास यायचा की जळबा ओसरीत जेवायला बसायचा. म्हातारी शेण कालवायच्या कुंडीपाशी पहाऱ्याला बसली. कुणीही पाणी घेऊन आलं की ती बोट बुडवून चाटायची, हळदीचं तर नाही ना म्हणून. कमल सकाळच्या गाडीनं वसमतला जायची आणि परत आली की आल्यापावली आधी गोठ्यामागं जायची. टोपण जागचं हलत नव्हतं. शकुंतलाबाईनं एकदा विचारलं, "न्हाईच आलं वर तर?" जनकाबाई म्हणाली, "अक्का, तसं बोलू नका. माझ्यात आता तेवढा दम न्हाई." आणि दोघी पुन्हा शेण कालवायला लागल्या.

मग पाडव्याच्या सुमाराला एका सकाळी टोपणाच्या अंगावर चार बोटं ओला पट्टा दिसला. म्हणजे ते तेवढं वर सरकलं होतं. जळबानं काडी लावली, तर काडीच विझली. पहिला गॅस असाच असतो, तो सोडून द्यायचा, हे मिस्त्रीनं सांगितलेलं जनकाबाईला आठवत होतं, म्हणून तिनं धीर सोडला नाही. तिनं सगळा गॅस हवेत सोडून दिला. टोपण पुन्हा बूड टेकून बसलं. तिनं दुसऱ्यांदा काडी लावून बघितली नाही. जयंतीच्या आदल्या संध्याकाळी टोपण कमलच्या खांद्याला लागलं होतं, पण ते पेटेल की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं. पेटवून बघायची जनकाबाईची छाती होत नव्हती.

जयंतीचा दिवस उजाडला. वस्तीत दारोदार निळे झेंडे लागले, पोरांनी ढोल काढले. नरसिंग पूर्णेहून आले ते पांढराशुभ्र सदरा-पायजमा घालून, पण माणूस पार वाळला होता. डोळे लाल, हाताला भाजल्याचे डाग.

"असं काय झालं?" शकुंतलाबाईनं विचारलं.

आधी काही नाही काही नाही म्हणाले. मग खाटेवर टेकले आणि सांगायला लागले. "शेगडी पेटवायला रॉकेल लागतं. रॉकेल कुठं हाय? चिंध्या जाळल्या, कागद जाळले, तुज्या पेटीतली जुनी चटई जाळली. खोलीभर धूर. इंजनाची भट्टी मी झोपेत पेटवतो, अन ही टिचभर शेगडी मला ऐकत न्हाई. भातासाठी रोज रडून राहिलो."

"मी तर जन्मभर रडले," शकुंतलाबाई म्हणाली. "तुमाला वाटायचं खोकला हाय."

नरसिंग तसेच उठून गोठ्यामागं गेले. टोपणाच्या भोवती एक फेरी मारली, बोटानं वाजवून बघितलं. मागच्या खेपेला ते काल्यात बूड टेकून बसलं होतं, आज आत गॅस धरून टणटणीत वाजलं. तेवढ्यात जलालुद्दीनही गाडी घेऊन हजर झाला, शब्दाला पक्का. दोर मात्र गाडीतच राहिले.

"पेटवून दाखवा," नरसिंग म्हणाले. "नुसतं फुगलेलं मला नको."

सगळं घर सैपाकाच्या खोलीत जमलं. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, दोन्हीला हार. खाली नळीच्या तोंडाला लोखंडी शेगडी. रुक्माबाई नेहमीच्या जागी, भिंतीला टेकून. जनकाबाईनं काडीपेटी घेतली, पण काडी न ओढता ती पेटी हातातल्या हातात फिरवत राहिली.

"आण इकडं," नरसिंग म्हणाले. "आगीचं काम माझं."

त्यांनी काडी ओढली, चावी फिरवली. फस्स. काडी विझली. दुसरी ओढली. नळीतून गुळण्या केल्यासारखा आवाज आला आणि तीही विझली. कमलनं आईचा पदर मुठीत धरला. बाहेर ढोल वाजत होते.

"नळीत पाणी बसलंय," जनकाबाई म्हणाली. "भावजी, चावी बंद करा. कमल, ताट आण." तिनं शेगडीपासून नळी सोडली, खाली वाकवली. ताटात वाटीभर पाणी पडलं. तिनं नळी पुन्हा घट्ट बसवली, दोरी आवळली. "आता लावा."

नरसिंगांनी तिसरी काडी ओढली.

भप्प करून शेगडीला गोल ज्योत धरली. लहान, शांत, गोल. तिच्यावर ना धूर, ना ठिणगी. जळबा तोंड उघडून बघत राहिला. शकुंतलाबाईनं दोन्ही हात तोंडावर धरले.

"काय झालं?" रुक्माबाईनं विचारलं. "इझली का ही पन?"

"पेटली, आज्जी."

"खोटं नको बोलू. पेटली असती तर माझ्या डोळ्याला पाणी आलं असतं."

"धूरच न्हाई, आज्जी. पेटलीय. निळी ज्योत हाय."

"निळी?" म्हातारीनं तळहात पुढं केला, ऊब लागली तशी तिचं सगळं तोंड उजळलं. "निळी हाय ना, मंग आपलीच हाय."

जनकाबाईच्या डोळ्याला मात्र धार लागली होती, आणि आज ती धुराची नव्हती. ती जावेच्या गळ्यात पडली. दोघी हसत होत्या आणि रडत होत्या आणि मध्येच कोण काय करतंय ते कळत नव्हतं. मग शकुंतलाबाईनंच पदर खोचून पातेलं चढवलं. जयंतीची खीर त्या आगीवर शिजली, भात शिजला, वस्तीतल्या बाया वाटी घेऊन बघायला आल्या आणि वाटीभर खीर खाऊन गेल्या. पातेल्याच्या बुडाला नरसिंगांनी बोट लावून बघितलं. बोट पांढऱ्या सदऱ्याला पुसलं आणि सदरा पांढराच राहिला.

जलालुद्दीन जेवून हात धुवायला गोठ्याकडं गेला. टोपणावर थाप मारली.

"जळबाभाऊ, आपला धंदा मेलेल्या लोखंडाचा," तो म्हणाला. "ये तो जिता है. ह्याला मी हात लावत न्हाई." रिकामी गाडी घेऊन तो शीळ घालत वसमतच्या वाटेला लागला.

उन्हं कलली तसं सगळं घर मिरवणुकीला निघालं. जनकाबाई नवी साडी नेसून दारात आली आणि तिच्या ध्यानात आलं, या गडबडीत आज टाकीला शेण घातलंच नाही. एवढी खीर शिजवून टोपण अर्ध्यावर आलं होतं. कमल ओसरीत भूमितीचं पुस्तक घेऊन बसली होती, परीक्षा चार दिवसांवर आलेली.

"कमल," आतून म्हातारीनं सवयीनं हाक दिली, "कुंडीत शेण कालव गं माय."

"तिला उठवू नका," गोठ्यामागून आवाज आला.

जनकाबाई तिकडं गेली, तर नरसिंग उभे होते. पांढरा सदरा कोपरापर्यंत वर सारलेला, पायजमा गुडघ्यापर्यंत, आणि दोन्ही हात कुंडीतल्या शेणात. इंजनाच्या भट्टीत फावडं घालावं तशा लयीत ते कालवत होते, घाम गाळत, एक गुठळी राहू न देता. डाव्या तळहातावर जखमेची रेघ पांढरी दिसत होती. जनकाबाई तिथंच थबकली. पदर डोक्यावर घ्यायचं तिला भान राहिलं नाही.

"पाणी कुठलं घेतलं, भावजी?" तिनं विचारलं.

"इहिरीचं," नरसिंग म्हणाले. "शेंदून आणलं. तुमी व्हा पुढं, मी कालवून आलो."

कमलनं पुस्तकाचं पान उलटलं. तिनं मान वर केली नाही.